वळणापुढची पांढरी खूण

माझी मुलगी पहिलीत होती तेव्हा तिने आपल्या बापाची तक्रार चौकातल्या पोलिसाकडे केली होती. लाल दिवा होता आणि आमची मोटारसायकल थांबण्याच्या रेषेपुढे हातभर सरकली होती. टाकीवर बसलेली ही चिमुरडी ओरडली, "पोलीसकाका, आमचे बाबा रेषेच्या पुढे आलेत!" पोलीस पोट धरून हसला. ह्यांनी मान खाली घालून पायाने ढकलत गाडी मागे घेतली. घरी हे ऐकून माझी नणंद म्हणाली, "वहिनी, ही पोर हरिश्चंद्राच्या घराण्यातली आहे. सांभाळून राहा, एक दिवस तुम्हालाच विकेल."

तीच पोर आता सव्वीस वर्षांची आहे आणि वेग मोजणाऱ्या व्हॅनमध्ये नोकरी करते.

काम ऐकायला सोपं. पांढरी व्हॅन रस्त्याच्या कडेला उभी करायची, आत स्टुलावर बसायचं आणि पडद्याकडे बघत राहायचं. मागच्या काचेतून एक कॅमेरा येणाऱ्या गाडीचा वेग मोजतो आणि पहिला फोटो काढतो. चारचाकीवाला तेवढ्यावरच सापडतो. बाइकवाल्यांचं तसं नाही. बाइकला पुढे नंबर नसतोच, असला तरी बोटभर आणि वाकलेला. म्हणून व्हॅनच्या पुढच्या काचेशी दुसरा कॅमेरा असतो. बाइक व्हॅनला ओलांडून गेली की तो तिच्या पाठीचा फोटो काढतो. पहिल्या फोटोत वेग, दुसऱ्यात नंबर. दोन्ही जुळले तर नोटीस.

सुरुवातीला ती जेवताना गमती सांगायची. एकाने नंबरप्लेटवर चप्पल बांधली होती. एकाच्या मागे बसलेला मित्र पाठीमागे हात नेऊन पंजाने नंबर झाकत होता, आणि त्या नादात स्वतःची टोपी उडवून बसला. एका फोटोत तर मागे बसलेली आजी चालवणाऱ्याच्या हेल्मेटवर पिशवी हाणताना आली होती.

"तिला सोडलं की नाही?" ह्यांनी विचारलं.

"आजीला कशाला धरायचं? तिने आमचंच काम केलं."

मी हसायचे, पण माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. एकदा कोणीतरी व्हॅनच्या काचेवर दगड मारला. एकदा एक माणूस दार बडवत राहिला, पाच मिनिटं. आतून कडी लावलेली असते आणि काहीही झालं तरी बाहेर पडायचं नाही, असा नियम आहे. मी म्हटलं, सोड ही नोकरी. ती म्हणाली, "आई, तुला लिफ्टचीसुद्धा भीती वाटते. तुझ्या सांगण्यावरून चाललं तर मी पाळण्यातच असते अजून."

मला वाटायचं, भीती असलीच तर तिला लोकांची आहे. लोकांना तिच्यापासून काही होईल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी तिला नवी जागा मिळाली. गावाबाहेर एका कारखान्याची उंच भिंत आहे आणि रस्ता त्या भिंतीला चिकटून डावीकडे वळतो. वळण संपल्यावर साठेक पावलांवर कडेला पांढऱ्या रंगाची खूण आहे. ऑफिसची माणसं टेप लावून अशा खुणा करून जातात. व्हॅनचं मागचं चाक खुणेवर असेल तरच त्या दिवसाची मोजणी ग्राह्य धरतात. जागा एक फूट हलली तरी सगळं बाद.

त्या आठवड्यात गमती बंद झाल्या. ती ताटात बोटं फिरवत बसायची. चौथ्या दिवशी ह्यांनीच विचारलं, "काय गं, वरिष्ठ ओरडले का?"

"बाबा, आज एकाचा दुसरा फोटो आलाच नाही."

"म्हणजे?"

"पहिल्या फोटोत बाइक आहे. बहात्तरचा वेग. दुसऱ्यात नुसता रस्ता." तिने ताट बाजूला सारलं. "तो पडला होता. व्हॅनच्या मागे. उठला, आरसा उचलला, माझ्या काचेकडे बघितलं आणि निघून गेला. भिंतीमुळे त्यांना व्हॅन दिसतच नाही. वळता वळता एकदम दिसते. मग दचकून ब्रेक दाबतात."

ह्यांनी घास खाली ठेवला. एकतीस वर्षं बस चालवली ह्यांनी, आणि एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही. डेपोने त्याबद्दल दिलेली पाटी आमच्या दारासमोरच्या भिंतीवरच लावलेली आहे, आलेल्याला चुकवू म्हटलं तरी चुकवता येत नाही. ते म्हणाले, "चारचाकी स्वतःच्या चाकांवर उभी असते. बाइकला माणूस उभी ठेवतो. वळणात ती कललेली असताना ब्रेक दाबला की खेळ खलास. आणि तिथे कारखान्याच्या ट्रकांची बारीक खडी सांडलेली असणार. मी शिकाऊ पोरांना घसा फोडून सांगायचो, काही दिसलं तरी वळणात ब्रेक नाही. आधी सरळ हो, मग दाब."

आठवडाभरात तिने असे तिघे घसरताना पाहिले. मग तिने वरिष्ठ बाईंना अर्ज दिला की खूण दोनशे पावलं पुढे, सरळ रस्त्यावर न्यावी. बाई म्हणाल्या, "त्या जागेवर सगळ्यात जास्त सापडतात. आणि नियमात चालवणारा कशाला पडेल?"

पडलेले सगळे खरंच वेगात होते.

माझी झोप उडाली. मी ह्यांच्या मागे लागले की मला ते वळण बघायचंय.

"वळण काय बघायचं? स्थळ सांगून आलंय का?"

"अहो, आपली मुलगी तिथे रोज आठ तास बसते. मला एकदा डोळ्यांनी बघू द्या."

शेवटी मागच्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही निघालो. बाइक तीच, जुनी. ह्यांच्या हेल्मेटचा पट्टा मी दोनदा ओढून पाहिला. रस्ता पन्नासच्या मर्यादेचा. हे कधीच पन्नासच्या वर जात नाहीत, घाई असलेल्यांच्या शिव्या खातात पण जात नाहीत. भिंत आली. आम्ही डावीकडे कललो. भिंत सरली, आणि समोर, अगदी अंगावर आल्यासारखी, ती पांढरी व्हॅन.

आत आपलीच पोर आहे हे दोघांना ठाऊक. वेग पन्नासच्या आत आहे हे दोघांना ठाऊक. तरीही मी ह्यांचा खांदा आवळला आणि ओरडले, "कॅमेरा!" आणि ह्यांनी ब्रेक दाबला.

मागचं चाक खडीवरून सरकलं. कोणीतरी खालून सतरंजी ओढावी तसं. आम्ही डाव्या अंगावर पडलो आणि बाइक आमच्यापासून लांब घसरत गेली. कपाळमोक्ष व्हायचा तो झाला नाही. माझा गुडघा फुटला, ह्यांचं कोपर सोललं. हे रस्त्यावर बसले होते आणि स्वतःच्या हाताकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

तेव्हा मला भिंतीपलीकडून आवाज ऐकू आला. दुसरी बाइक. वेगात.

मला उठता येईना. व्हॅनचं दार उघडलं आणि माझी मुलगी धावत आली. ती आमच्याकडे आली नाही. आम्हाला ओलांडून सरळ वळणाकडे धावली आणि रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभी राहिली. मला फक्त तिची पाठ दिसत होती, आणि तो आवाज वाढत चालला होता. पोटच्या पोरीची पाठ बघत मी खडीवर पडून होते. आयुष्यात मी पुष्कळ घाबरले आहे, बहुतेक वेळा उगाचच. पण ते घाबरणं वेगळं होतं. त्यात देवाचं नावसुद्धा आठवलं नाही.

बाइकवाला वाकडातिकडा होत तिच्यापासून चार हातांवर थांबला. "मरायचंय का?" म्हणून खेकसला. मग त्याला आम्ही दिसलो. त्यानेच आमची बाइक उचलून कडेला लावली.

मग मुलगी आमच्यापाशी आली. ती पहिलं वाक्य बोलली ते हे: "बाबा, तुम्ही सत्तेचाळीसवर होतात."

ह्यांनी शेजाऱ्यांना जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं. दारासमोरची पाटी तिरकी झाली होती, ती त्यांनी सरळही केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुलीने व्हॅन खुणेवर लावलीच नाही. दोनशे पावलं पुढे, सरळ रस्त्यावर, लांबून दिसेल अशी लावली. तीन दिवस. लोक लांबूनच वेग कमी करत. कोणी पडलं नाही, आणि कोणी सापडलंही नाही. व्हॅन कुठे उभी आहे हे ऑफिसला यंत्रातून कळतं. चौथ्या दिवशी बाईंनी बोलावलं. चूक झाली, पुन्हा खुणेवरच उभी राहीन, असं लिहून दिलं तर प्रकरण मिटेल. नाहीतर उद्या अकरा वाजता चौकशी, आणि बहुधा नोकरी गेली.

"लिहून दे ना बाई," मी म्हटलं. "एक कागद तर आहे."

"आणि मग परवापासून त्या खुणेवर बसू? आणि पडद्यावर बघत राहू, कोणाचा दुसरा फोटो येत नाही ते?"

नोकरी गेली तरी भीती, राहिली तरी भीती. माझी तर इकडे आड तिकडे विहीर.

तिच्या हातात एकच गोष्ट आहे. व्हॅनमध्ये दिवसभर व्हिडिओ चालू असतो. त्यात सोमवारचे आम्ही आहोत, कोपऱ्यात वेगाचा आकडा आहे, सत्तेचाळीस. नियमात चालवणारा कशाला पडेल, या प्रश्नाचं उत्तर तिच्या आईबापांनी रस्त्यावर लोळून दिलेलं आहे. पण नुसता व्हिडिओ पुरणार नाही. चालवणाऱ्याने लिहून द्यायला हवं की मी का पडलो. ती बापाला हे विचारायला धजत नव्हती. एकतीस वर्षांची पाटी होती मध्ये.

आज जेवण झाल्यावर हे आपणहून उठले आणि डेपोत लिहायचे तसा अहवाल लिहून त्यांनी माझ्यापुढे टाकला. "तुझं अक्षर चांगलं आहे. नीट उतरवून दे."

मी वाचला. "वेग सत्तेचाळीस. रस्ता कोरडा. गाडीत दोष नाही. वळणात व्हॅन अचानक दिसली. घाबरून ब्रेक दाबला. चूक चालकाची. व्हॅन सरळ रस्त्यावर असती तर दाबला नसता." खाली सही.

घाबरून. हा शब्द ह्यांच्या हातून उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"अहो, पण यात मी नाही," मी म्हटलं. "मी ओरडले. तुमचा खांदा आवळला. माझ्यामुळे तुम्ही दाबला असाल."

"तुझा हात पडायच्या आधी माझा पाय गेला होता."

"खरंच?"

"अहवालात मी कधी खोटं लिहिलंय?"

मुलगी दारात उभी होती. तिला मी म्हटलं, "व्हिडिओत माझं तोंड उघडं दिसतंय. बाई म्हणतील, म्हातारीने बिचकवलं म्हणून पडला. माझं ओरडणं लिहिलं तर तुझंच नुकसान. नाही लिहिलं तर..."

पहिलीतलं पोर जसं रेषेकडे बघत होतं, तशी ती त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, झालं ते लिही. मला दुसरं काही जमणार नाही," आणि झोपायला गेली.

आता घरात मी एकटी जागी आहे. ह्यांचा अहवाल शब्दाला शब्द उतरवून झाला. त्याखाली मी माझं लिहिलं: "मी मागे बसले होते. व्हॅन दिसताच मी ओरडले आणि चालकाचा खांदा धरला. आधी ब्रेक लागला की आधी मी ओरडले, हे मला सांगता येत नाही. व्हॅनमध्ये माझी मुलगी आहे हे मला माहीत होतं. तरी मी घाबरले." सही करताना नाव नीट आलं नाही. पुन्हा उतरवायचं नाही असं ठरवलं.

ऑफिस त्या वळणाच्या पलीकडे आहे. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसणं ह्यांना सोसत नाही, निवृत्त झाल्यापासून ते एकदाही बसमध्ये चढलेले नाहीत. पण झोपायच्या आधी म्हणाले, "उद्या बसने जाऊ." मुलीच्या जागी सकाळी आठपासून दुसरी मुलगी व्हॅन घेऊन जाणार आहे, नवीन आहे, तिला खुणेवरच लावायला सांगितलंय. मी आमच्या मुलीकडून त्या नव्या मुलीचा फोन नंबर घेऊन ठेवला आहे. साडेसातला तिला फोन करणार. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.