सात नंबरचा कोट

सात नंबरच्या कोटाचा खांदा मशीनखाली घातला आणि माझा पाय पायडलवरच थांबला. चिठ्ठीवर लिहिलेलं, छाती अडतीस, बाही तेवीस, उजवा खांदा अर्धा इंच खाली. हे माप मला तोंडपाठ. माझ्याच नवऱ्याचं.

आमचं बहरीनमधलं, मनामा शहरातलं टेलरचं दुकान. मी चौथीपर्यंत शिकले, पण शिलाई येते. माप घेणं, कटिंग करणं मास्तरांचं काम. चिठ्ठीवर नाव लिहायची आमच्याकडे पद्धत नाही, नुसता नंबर. ती कापलेल्या कापडाला टाचायची. माझी नाझनीन आठ महिन्यांची, कटिंगच्या टेबलाखाली खोक्यात झोपते.

जवळच्या तुबलीतल्या गॅरेजवाल्यांनी सात जाड कोट शिवायला टाकले होते. आत फायबरचा कापूस. तो आधी अस्तरावर टिपा मारून बसवायचा, नाहीतर सगळा खाली गोळा होतो. बहरीनमध्ये, जून महिन्यात, असले कोट! एक एजंट त्यांना अलास्काला नेणार होता, मासे पॅक करायच्या कारखान्यात. अलास्का म्हणजे पार वर उत्तरेला, बर्फच बर्फ.

मी पडद्याआड बसून मापं लिहीत होते, तेव्हा सगळं ऐकलं. केरळचा एक म्हणाला, "उधर कफील नहीं, भाई. पासपोर्ट अपनी जेब में." कफील म्हणजे स्पॉन्सर, इथं पासपोर्ट त्याच्याकडंच असतो. खेडचा एक म्हणाला, "तिथं माणसंच कमी, म्हणून माणसाला किंमत हाय." मी मनात म्हटलं, बायकापोरं सोडून बर्फात किंमत शोधायला निघालेत!

सहा मापं मी लिहिली. सातवं मास्तरांनी स्वतः लिहिलं, मी पोरीला डोस द्यायला हेल्थ सेंटरला गेले तेव्हा. "हा मी शिवतो," म्हणाले. पण ते दुपारच्या नमाजला गेले, माझे सहा झालेले, म्हटलं तेवढाच त्यांचा भार हलका.

मास्तर आले तशी मी चिठ्ठी पुढं धरली.

"मास्तर, त्याच गॅरेजात इंजिनं उचलून उचलून हा खांदा उतरलाय. त्यांचे सगळे शर्ट मी शिवते. मला कळणार नाही?"

"बेटी, युसुफनं शपथ घातली होती."

"आणि मला कुणी विचारलं? माझा व्हिसा त्यांच्यावर आहे. ते गेले की मी न पोरगी इथनं खलास!"

संध्याकाळी सगळे ट्रायलला आले, एजंटपण. मी मशीनवर बसलेली बघून आमचे हे दारातच थबकले. मला वाटलं होतं निदान मान खाली घालतील. पण यांनी सात नंबरचा कोट उचलून अंगात चढवला.

"शमे, ऐक. जूनमध्ये गॅरेजच्या पत्र्याखाली एकदा उभी राहून बघ. मला नुसतं गार कुठंतरी जायचंय. सेटल झालो की तुम्हाला बोलावतो."

मी नाझनीनला उचललं, टेबलावर बसवलं. "मास्तर, आठवं माप घ्या. नववं माझं."

एजंट हसला. "भाभी, उधर फॅमिली अलाउड नहीं. एक रूम में आठ आदमी."

"कब तक?"

"हमेशा. कंपनी का रूल है."

हे त्याच्याकडं वळले. "आपने तो बोला था, छह महीने में बुला सकते हैं!"

"इंशाल्ला बोला था," एजंट म्हणाला.

म्हणजे पोरीचा बाप न्यायचा आणि वर अल्लाचं नाव पुढं करायचं! मी कात्री टेबलावर आपटली. नाझनीन रडायला लागली. यांनी कोट काढला, घडी न घालताच टेबलावर ठेवला आणि तिला घेतलं.

बाकीचे सहा गेले. हे राहिले. गॅरेजमधनं आले की एसीसमोर डोळे मिटून उभे राहतात, आणि मला राग येतो, न परत कुठं निघतील अशी भीतीपण वाटते.

आता प्रत्येक चिठ्ठीवर मी नाव लिहून घेते. मास्तर म्हणतात टाइम जातो. जाऊ दे.