सावड मोडली ती मीच

फुकटचा पैसा कसा वापरावा, हे आमच्या वाडीत माझ्याइतकं कुणालाच कळलं न्हाई. त्या साली निम्मी खाचरं पडीक राह्यली, ती एकट्या माझीच.

एक संस्था आली व्हती. म्हणली, वर्षभर दर महिन्याला वाडीतल्या प्रत्येकाच्या खात्यावर पैसं टाकू, अट कसलीच न्हाई, मधून मधून येऊन निस्तं विचारू काय केलं म्हणून. बायकोनं तिच्या पैशातनं छपराला पत्रा घेतला. मी ओतूरला जाऊन गॉगल घेतला. भर पावसात गॉगल घालून हिंडणारा आमच्या डोंगरात मीच पहिला.

आमच्यात भाताची आवणी, म्हंजी रोपांची लावणी, सावडीनं व्हती. आज समदी तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. मजुरी न्हाई, फक्त जेवण. शेजारच्या भाऊची पाळी आली तवा मी वट्यावरच बसलो. म्हणलं, कंबर कशापायी मोडायची, रोजाचं पैसं देतो की. नोट पाठवली. भाऊनं ती माघारी धाडली. पैसं त्याच्याबी खात्यावर येत व्हतं, हे माझ्या टकुऱ्यात शिरलंच न्हाई.

मग माझी पाळी आली. चिखल करून ठिवला, बायकोनं मोठ्या पातेल्यात कालवण केलं. कोण आलं न्हाई. ओतूरला मजूर बघाय गेलो, तर समदी टमाट्याच्या तोडणीला गेलेली. रोप पिवळं पडाय लागलं. आमी दोघांनीच आठ दिवस वाकून निम्मं लावलं, बाकीचं बैलानं खाल्लं. कापणीला मी आपणहून भाऊच्या बांधावर गेलो. माणसं हायेत, म्हणला, आन विळा चालवत राह्यला.

वर्ष सरलं, पैसं बंद झालं. संस्थेच्या मॅडम शेवटचं विचाराय आल्या. मी पुढं सरकून सांगाय लागलो, फुकटच्या पैशानं माणसं आळशी व्हत्यात, सरकारला कळवा, माझ्या आवणीला एक माणूस आलं न्हाई. मॅडम टिपून घ्याय लागल्या. बायको विकतचा तांदूळ निवडत बसली व्हती. मान वर न करता म्हणली,

"ते खोडा, मॅडम. वाडी कामाला चुकली न्हाई, समद्यांची आवणी झाली. ह्यो बाबा पैसं यायच्या आधीबी असाच व्हता."