बाल्कनीची खोली

हिंटरआउ गावात गाई डोंगरावरच्या कुरणांतून खाली उतरल्या, की त्याच आठवड्यात वालबुर्गाच्या पाहुणघरी तिलमान्स साहेबांचा फोन यायचा. "वालबुर्गाबाई, नेहमीप्रमाणे." एवढंच बोलायचे. त्यात सगळं आलं. फेब्रुवारीतला स्कीचा आठवडा, बाल्कनीची खोली, शेगडीजवळचं टेबल.

यंदा गाई कधीच गोठ्यात शिरल्या होत्या. कड्यांवर बर्फ दिसू लागला होता. फोन नव्हता.

वालबुर्गा बटाटे सोलतानाही फोन एप्रनच्या खिशात ठेवायची.

"आई, ती खोली देऊन टाका," सून रोमाना म्हणाली. "बाकीच्या सगळ्या गेल्या. हॉलंडचे लोक रोज विचारताहेत."

"नेहमीच्या पाहुण्याने नाही म्हटल्याशिवाय त्याची खोली देत नाहीत."

"मग विचारा त्यांना."

"विचारलं की तगादा होतो."

"आणि नाही विचारलं की खोली रिकामी राहते. छान!"

फोन का येत नाही, ते वालबुर्गाला ठाऊक होतं. तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात साहेबांचा पंचविसावा मुक्काम होता. अशा पाहुण्यांचा गाव सत्कार करतं. बँड वाजतो, सरपंच छातीवर पदक लावतात, वर जर्दाळूच्या दारूचा पेला. नावं कळवायची ती घरमालकिणीने. पर्यटन कार्यालयाचा फोन आला तेव्हा तिचे हात पिठात होते. "एकेहार्ट आणि हानेलोरे तिलमान्स," ती सांगून गेली. जिभेवर बसलेली जोडी. हानेलोरेबाईंना जाऊन काही वर्षं झाली होती. साहेबांसोबत आता त्यांच्या दुसऱ्या पत्नी गुडरुनबाई येत.

सरपंचांनी भर सभागृहात नावं वाचली. टाळ्या पडल्या. गुडरुनबाई जागच्या उठल्या नाहीत. साहेबांनी दोन्ही पदकं घेतली, खिशात टाकली. निघताना दरवर्षी "येतो पुन्हा" म्हणायचे. त्या खेपेला नुसतं "सांभाळा" म्हणाले.

दुपारी रोमाना बाहेर गेल्यावर वालबुर्गाने नंबर लावला. फोन गुडरुनबाईंनी उचलला.

"मी वालबुर्गा. ते नाव माझ्याच तोंडून गेलं होतं. सरपंचांची चूक नव्हती."

"ठाऊक आहे मला."

"फार चुकलं माझं."

"नावाचं सोडा हो. हेसुद्धा मला कधीकधी त्याच नावाने हाक मारतात. यायचंय आम्हाला. खोलीवरून अडलंय."

"खोली राखून ठेवलीय मी! कोणालाही दिली नाही!"

"तीच नको मला. हानेलोरेबाईंच्या पलंगावर मला झोप लागत नाही. हे म्हणतात, दुसरी मागितली तर वालबुर्गाला वाईट वाटेल. झालं, तेव्हापासून आमच्यात अबोला."

वालबुर्गा स्टुलावर बसली. पाहुण्यांना देण्याजोगी तिच्याकडे तेवढीच खोली उरली होती.

"माळ्यावर एक आहे," ती चाचरत म्हणाली. "छत उतरतं. बाल्कनी नाही. पलंगही वेगवेगळे."

"तिथे कोण झोपायचं?"

"हंगामात कामाला येणाऱ्या बायका. घोरायच्या नुसत्या."

"मग आमचे साहेब शोभतील तिथे. ठेवा ती."

"ते कबूल होतील?"

"ते मी बघते. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, म्हणजे झालं."

"छे हो," वालबुर्गा म्हणाली. वाईट वाटलंच होतं.

बाल्कनीची खोली त्याच संध्याकाळी हॉलंडवाल्यांना गेली. वालबुर्गा माळ्यावर चढली. खिडकीच्या फटीतून वारा येत होता. साहेब उंच. ती खोलीभर हात वर करून फिरली, त्यांचं डोकं तुळईला कुठे कुठे आपटेल ते चाचपत.