अप्पांची नजर चुकली

लातूरच्या अप्पा मिस्त्रींच्या गॅरेजात शिरलं की आधी चूल दिसायची, गाड्या मागून. चुलीवर ॲल्युमिनियमचं पातेलं, त्यात तारेला बांधून सोडलेला थर्मोस्टॅट, आणि समोर उकिडवे बसलेले अप्पा. हातात दूध डेअरीतून मागून आणलेला काचेचा तापमापक. पाणी तापून पितळेची ती झडप उघडायला लागली की अप्पा आकडा मोठ्यानं वाचायचे, "ब्याऐंशी! शहाणी हाय पोरगी." मगच ती गाडीत बसायची. आधी उघडली किंवा उशिरा उघडली, तर कितीही नवी असो, डब्यात.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये पाण्याची वाट अडवून बसलेली बोटभर झडप. इंजिन तापेपर्यंत मिटलेली, तापलं की उघडलेली. लातूरच्या बाकी मिस्त्रींना ती वैरीण वाटायची. गाडी तापली की पहिल्यांदा तिलाच उपटून फेकत. "आपल्याकडचं ऊन बघा, हिचं काय काम?" अप्पांना हे ऐकवायचं नाही. गळ्यातलं इष्टलिंग शर्टाच्या आत सारून ते बॉनेटमध्ये वाकत आणि तिथूनच बोलत, "इंजनाला लातूर कळत न्हाई, विलायत कळत न्हाई. त्याला आपला ताप तेवढा कळतो. आन गार इंजन म्हंजे बरं इंजन व्हय? माणूस गार पडला की काय करतेत, ठाव हाय ना?"

तेव्हा लातूरचा जिल्हा नवा नवा झाला होता. भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या चढल्या होत्या, साहेब आले, साहेबांच्या गाड्या आल्या. पाऊस मात्र आला नाही. टँकरपुढं घागरींची रांग सकाळपासून लागायची आणि लोक अप्पांना टोमणा मारायचे, "प्यायला पाणी न्हाई, अन् तुमी लोखंड शिजवून राहिलात!" अप्पा पातेल्यावर झाकण ठेवत म्हणायचे, "हे पाणी आठ दिसाचं हाय. सोमवारपासून हेच चालू हाय. तुमी आंघोळीला किती वतलं आज, ते सांगा की."

मी बिलोलीचा. सहावीतून शाळा सुटली ती सुटलीच. एकविसाव्या वर्षी लातूरला येऊन एका डॉक्टरीणबाईंच्या जुन्या अँबॅसडरवर ड्रायव्हर लागलो. घरापासून लांब, ओळखीचं कुणी नाही. बाई रागावल्या नसल्या तरी रागावतील म्हणून मी घाबरलेला. अप्पा मला नावानं हाक मारत नसत. "ये बिलोली, बस. भाकर खाल्ली का?" असं विचारत आणि उत्तराची वाट न बघता पाटीतली अर्धी भाकरी पुढं करत. लातुरात मला पोटाचं विचारणारा तो एकच माणूस होता.

नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात आमच्या गाडीचा थर्मोस्टॅट बिघडला. मिटला तो उघडेचना. अप्पांनी तो हातावर घेऊन मला दाखवला. "हे बघ, खाली परकर हाय हिला." झडपेखाली खरंच पत्र्याचा एक गोल घेर होता. "ह्या जुन्या इंजनात पाण्याला एक चोरवाट हाय. रेडिएटरला न जाता गरमच्या गरम आतल्या आत फिरून येतंय. झडप उघडली की हा परकर खाली उतरून ती वाट झाकतो. आता दुकानात मिळत्यात त्या बिनपरकराच्या. आकडा तोच, ब्याऐंशी. पर आकडा बघून घेशील तर फसशील." नांदेडच्या एका जुन्या दुकानात परकराचा मिळेल, एसटीच्या ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर चार दिवसांत येईल, असं म्हणून त्यांनी मला बजावलं, "तवर गाडी गावाबाहेर काढू नको."

दुसऱ्याच दिवशी निरोप आला. दुष्काळी कामावर, जिथं बाया-माणसं रस्त्याची खडी फोडत होती, तिथं लेकरांना जुलाब-उलट्या लागल्या होत्या. बाईंनी सलाईनच्या बाटल्या भरल्या आणि विचारलं, "गाडी झाली का?" झाली नाही म्हणालो तर बाई दुसरी गाडी बघतील, मग दुसरा ड्रायव्हर, हेच माझ्या डोक्यात. म्हणालो, "तासाभरात होते." बाजारातून बिनपरकराचा ब्याऐंशी आणला आणि माझ्या हातानं बसवला. निघताना बाईंनी विचारलं, "अप्पांनी बघितलं ना?"

"हाव बाई. अप्पांनीच बसवला."

औशाच्या पुढं, भर दुपारी, गाडीनं वाफ सोडली. आसपास झाड नव्हतं. रस्त्यानं चाललेल्या एका म्हातारीनं डोक्यावरची अर्धी घागर माझ्यापुढं केली. मी घाईनं ते गार पाणी तापलेल्या इंजिनात ओतलं. आत काहीतरी कडकन वाजलं. इंजिनाचा वरचा लोखंडी भाग, हेड, चिरला होता. बाई सलाईनची पेटी उचलून चालत निघाल्या, मग एका बैलगाडीत बसल्या. कामावर पोचेपर्यंत तिसरा प्रहर झाला. दोन वर्षांचं एक लेकरू तासाभरापूर्वी गेलं होतं.

गाडी ओढून अप्पांकडं आणली. बाई शेजारी उभ्या होत्या. अप्पांनी झाकण उघडलं, झडप बाहेर काढली, उलटी केली. परकर नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"अप्पा, हा तुमच्या हातचा?" बाईंनी विचारलं. "एक लेकरू गेलं, अप्पा."

अप्पांनी ती झडप खिशात टाकली. "हाव बाई. नजर चुकली माझी."

तेव्हा एक शब्द बोलायला हवा होता. मी जमिनीकडं बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी गेलो तर चूल पेटलेली नव्हती. अप्पा म्हणाले, "आई हाय का रे तुला?"

"हाय."

"मग जा. कामाला लाग. आन तापल्या इंजनात गार पाणी कधी वतायचं न्हाई, ध्यानात ठेव." लबाडीबद्दल एक अक्षर नाही. मी दारापर्यंत आलो तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "कोण्या गावचं होतं ते लेकरू?" मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली.

बाईंनी अप्पांकडं गाडी पाठवणं बंद केलं. शहरात बाईंच्या शब्दाला मान होता. बघता बघता साहेबांच्या गाड्याही दुसरीकडं गेल्या, अप्पांकडं राहिले चार ट्रॅक्टर. मला मात्र बाईंनी ठेवलं, आखाती देशात जायची संधी आली तेव्हा स्वतः चिठ्ठी लिहून दिली. निघताना अप्पांना भेटलो. बोलायचं ठरवूनच गेलो होतो. "अप्पा, त्या दिवशी," एवढंच म्हणालो, तर ते म्हणाले, "गप. तिकडं ऊन लई हाय म्हणत्यात. डोक्याला फडकं बांधत जा." माझं तोंड त्यांनी बंद केलं, असं मी किती वर्षं स्वतःला सांगितलं. खरं तर मला ते बंदच हवं होतं.

गेल्या महिन्यात मी इथून बाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "अप्पा गेले रे, चैत्रात. लिंगायतांच्या रीतीनं बसवून नेलं त्यांना, माझ्या दारावरून. मी गॅलरीत उभी होते. खाली उतरले नाही." पुढं म्हणाल्या, "त्यांची बायको आहे अजून. नवऱ्याच्या हातून लेकरू गेलं, हेच ऐकत ती म्हातारी झाली. तिला मी सांगणार नाही. तू येऊन सांग."

तिकीट काढलं आहे. काय बोलायचं ते रोज पाठ करून राहिलो आहे. पहिलं वाक्य अजून तोंडातून निघत नाही.