टोपभर कोळंबी आणि चाचांचा जामीन

कुणाचा जामीन रद्द व्हावा म्हणून तुम्ही कधी सही केली आहे?

मी केली आहे. ते पत्रकही मीच लिहिलं होतं. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे, वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावर गांजा पकडल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा ‘गांजावाल्यांचे जामीन रद्द करा’ असं छापून मी एसटी स्टँडवर वाटलं आणि सह्या गोळा केल्या.

पुढच्या वर्षी आमच्या पूर्णगडात शेजारच्या चाचांच्या होडीत गांजाची पिशवी सापडली. लहानशी होती. खलाशाची आहे, असं चाचा म्हणाले. खरं काय ते मला आजही माहीत नाही. पोलिसांनी माझ्या वडिलांना पंच, म्हणजे जप्तीचा साक्षीदार, केलं. चाचांना जामीन मिळाला; अट होती, साक्षीदाराकडे जायचं नाही.

ऑगस्टात होड्या सुटल्या. मोसमातली पहिली मासळी आधी शेजारी द्यायची, ही आमच्याकडची रीत. चाचा टोप घेऊन दारात आले. बाबा घरी नव्हते.

“कोळंबी हाय गो. आजच कर, उद्या ऱ्हायाची नाय.”

“चाचा, तुम्हाला इथं यायची बंदी आहे ना?”

“बंदी तुझ्या बापसाला भेटायची. कोळंबीला कसली बंदी?”

मी हसून टोप घेतला.

आठवड्याभरात सरकारतर्फे अर्ज झाला: आरोपी पंचाच्या घरी गेला, साक्षीदार फोडतो आहे, जामीन रद्द करावा. रद्द झाला असता तर साठी उलटलेले चाचा खटला संपेपर्यंत आत, आणि होडी किनाऱ्यावर.

चाचांच्या वकिलांनी मला बोलावलं. “टोप कुठाय?”

“घरीच. रिकामा कसा पाठवणार? आईने आत घालायला नारळ काढून ठेवलाय.”

“आता नारळही नको आणि टोपही नको. स्टँडवरचं पत्रक तुमचंच ना? सरकारी वकील तेच वाचून आलेत वाटतं.” मी दारातलं बोलणं सांगितलं तेव्हा हळूच म्हणाले, “ते ‘कोळंबीला कसली बंदी’ वाक्य कोर्टात नाही सांगितलंत तरी चालेल.”

रत्नागिरीला कोर्टाच्या दोन खेपा फुकट गेल्या. तिसऱ्या तारखेला जज्जसाहेबांनी मला विचारलं, “आरोपी केसबद्दल काही बोलला?” मी सगळं सांगितलं, बंदीच्या वाक्यासकट. चाचा खाली बघत उभे होते.

साहेब म्हणाले, जामीन नाकारणं वेगळं आणि दिलेला काढून घेणं वेगळं. साक्षीदाराला धमकावलं, लालूच दाखवली, पुरावा बिघडवला, पळून गेला, पुन्हा तोच गुन्हा केला, असं काही दिसलं पाहिजे. किंवा मोठा साठा असताना कायदा न बघताच जामीन दिला गेला असेल, तर वरचं कोर्ट तो रद्द करतं. इथे अट मोडली आहे, पण दबाव दिसत नाही. समज देऊन त्यांनी जामीन कायम ठेवला.

आनंद वगैरे झाला नाही. परतीच्या एसटीत चाचा पुढे बसले, मी मागे. त्यानंतर ते आमच्या दारावरून जाताना मान वळवतात. टोप अजून आमच्या फळीवर आहे, खटला संपेपर्यंत तिथेच राहील.

म्हणून एक मागणं आहे. असं पत्रक सहीसाठी पुढे आलं, तर आणणाऱ्याला आधी विचारा: सुटल्यावर या माणसाने नेमकं काय केलं? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका. पत्रक मी आणलं असेल, तर त्यावरही करू नका.