आपट्याची काळी वाळू आणि पनवेलचा मणी

महिला मंडळाच्या हस्तलिखितासाठी प्रवासवर्णन द्या, असं कुसुमताई म्हणाल्या. कुणी काशीचं दिलंय, कुणी रामेश्वराचं. मी गेले आपट्याला. पनवेलहून एसटीत बसलं की पोळी पचायच्या आत उतरायचं, एवढाच प्रवास. तरी लिहिते. काळी वाळू धुऊन सोनं काढायचा नाद मला तीस वर्षं आहे, आणि तुमच्यातल्या चार-पाच जणींनी मला बाजारात अडवून विचारलंय, "काकू, आम्हालाही न्या की एकदा." तर कसं जायचं, बरोबर काय घ्यायचं, सगळं सांगते. शेवट मात्र लाजेचा आहे. तो गाळला तर बाकीचंही खोटं पडेल, म्हणून तोही आहे. माझं शिक्षण मराठी दुसरी. शुद्धलेखन कुसुमताईंनी तपासावं, मजकुराला हात लावू नये.

आमचं सोनाराचं दुकान तुम्हाला माहीत आहे. हे होते तेव्हा वर्षातून एकदा झारेकरीण यायची. दुकानातला केर, शेगडीची राख, दारापुढचा गाळ विकत न्यायचा आणि धुऊन त्यातला सोन्याचा कण वेगळा करायचा, हा त्या लोकांचा धंदा. तिच्यापाशी बसून मी शिकले. तिचं पोट त्यावर चालायचं, माझा वेळ जायचा. मग मी गाढी नदीची वाळू धुवायला लागले. तीस वर्षांत दोन कण मिळाले. त्यातला एक आमच्याच गटारातून वाहून गेलेला असणार. माझी सून शेजारणींना सांगते, "आमच्या सासूबाई नदी घासून ठेवतात."

आपट्याचं मला भाजीवालीनं सांगितलं. पाताळगंगेच्या वळणावर काळी वाळू साचते आणि तिच्या नात्यातल्या बाईला तिथे सोनं गावलं. मी त्याच दिवशी ठरवलं. एकटी बाई कुठे जाणार म्हणून नणंदेला, गोदावन्संना बरोबर घेतलं. वन्सं बालविधवा, जन्म आमच्याच घरात गेला. बोलत नाहीत, बघतात फार.

शिमग्याच्या आधी जावं. पाणी उतरलेलं असतं आणि ऊन अजून माणसात असतं. नवी आगगाडी आपट्यापर्यंत जाते, पण वेळ आपल्या सोयीची नाही म्हणून आम्ही सकाळची एसटी घेतली. पळस्पे गेलं, कर्नाळ्याचा सुळका डाव्या हाताला आला, तेव्हा वन्संनी खिडकीतून हात जोडले.

"अहो, तो किल्ला आहे, देव नव्हे," मी म्हटलं.

"उंच आहे ना," त्या म्हणाल्या.

आपटा फाट्याला उतरलो. तिथे चहा मिळतो, गूळ घातलेला, दहा नव्या पैशात कप. पुढे पायी. गुडघे बरे असतील तर अर्धा-पाऊण तास, नाहीतर बैलगाडी बघावी. सामान थोडं ठेवावं. मी नेलं होतं ते एवढंच: भाकरी मळायची लाकडी काथवट, चाळण, फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक आणि सोन्याचे बारीक कण धरायला यांच्या दुकानातली पाऱ्याची बाटली. उतरलो वन्संच्या मावसबहिणीकडे. तिनं वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली. नदीवर कशाला जाता म्हणून विचारलं, मी वाळूसाठी म्हटलं, तर ती नुसती "बरं" म्हणाली. तिथेच मी काय ते ओळखायला हवं होतं.

वळण गावापासून लांब नाही. वर खोपोलीकडे विजेच्या कारखान्याचं पाणी सुटतं, त्यामुळे नदी उन्हाळ्यातही वाहती असते. काठाला वाळूवर काळा पट्टा ओढल्यासारखा दिसला. पदर खोचून मी बसले. काथवटीत वाळू घ्यायची, पाण्यात धरून गोल झुलवायची, हलकं ते वाहून जातं. उरते ती काळी, जड. ती वाळवायची, फडक्यासकट लोहचुंबक फिरवायचा. काळं फडक्याला चिकटतं, फडकं सोडवलं की खाली पडतं. लोहचुंबक उघडा फिरवलात तर दोन दिवस त्याची दाढी करत बसाल. मागे जे उरतं त्यात सोनं असेल तर असेल.

दुपारी एक बाई येऊन माझ्यापासून दहा हातांवर बसली. तिच्याकडे पत्र्याचं घमेलं होतं. वीटभट्टीवर काम नसेल त्या दिवशी ती वाळू धुवायला येते. नाव चांगुणा. बराच वेळ ती माझ्याकडे बघत होती.

"आजी, तितं काय नाय गावायचं," ती म्हणाली. "दगडाच्या पाटीमागं खणा. जड ते तितं बसतं."

"तू मला शिकवणार? तीस वर्षं धुतेय मी."

"मंग तीस वर्सांत कितीक गावलं?"

वन्संना हसू आलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा हसताना पाहिलं त्यांना. मी मुकाट्यानं दगडामागे गेले. तिसऱ्या काथवटीला काळ्यात पिवळा ठिपका दिसला. राईएवढा असेल. मी ओरडले, काय ओरडले ते लिहीत नाही. चांगुणा म्हणाली, "आज तुमचा दिस हाय." पुढे कळलं की ते दगडामागचं ठिकाण तिचं होतं. आठवड्याचं मीठ-मिरची ती तिथूनच काढते. माझे केस पांढरे, म्हणून मला बसू दिलं.

रात्री जेवताना मी त्या कणाबद्दल तीनदा सांगितलं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा गेलो. वाऱ्यावर जळल्याचा वास येत होता. वळणाच्या वरच्या अंगाला पत्र्याचं छप्पर आणि काळे दगड दिसले.

"ते काय गं?" मी चांगुणेला विचारलं.

"मसनवटा. राख हितंच सोडतात." ती वाळू झुलवत होती. "मंग हितं सोनं कुटून येतंय वाटलं तुमाला? डोंगरातून? मरताना तोंडात घालतात तोच मणी. जळून वितळतो न् हितं येतो. म्हून गावातलं कोन हात लावत नाय. आमी लावतो."

वन्सं उठून पाण्याबाहेर गेल्या. मी हात धुतले. पुन्हा धुतले. आदल्या रात्री मावसबहिणीपुढे तो कण बोटावर नाचवला होता, ते आठवून अंग चोरलं. पण लाज तिथे संपली असती तर मी हे लिहिलं नसतं.

चांगुणेनं कमरेची डबी काढली, तपकिरीची जुनी. आत पंधरा-वीस मणी होते. हिरवट काळे, अर्धवट वितळलेले.

"ह्ये बघा. पयलं बरं व्हतं. आता दहा वर्सं ह्ये असलंच गावतं. तांबं. वरून सोन्याचं पानी. इकायला नेलं तं सोनार हसतो."

मी एक हातात घेतला. बघायची गरज नव्हती. मणी फिरवताना भोकाशी एक बारीक कड राहते, ती माझ्या हाताची खूण आहे. तांब्यावर पाऱ्यानं मुलामा चढवायचं काम मीच घरी करायची. दुकान मंदीत होतं तेव्हाची माझीच कल्पना. हे नको म्हणत होते. मी म्हटलं होतं, जळायचंच आहे ते, कस लावायला कोण परत येतंय? पुढे मंदी गेली, सवय राहिली, आणि काम मुलाच्या हातात गेलं.

"ह्यातला एक माझ्या मानसाचा हाय," चांगुणा म्हणाली. "कुटला ते ठावं नाय. समदे सारकेच."

मी मणी परत डबीत टाकला.

"भट्टीवर ताप भरला न् गेला. सासू बोल्ली, जल्मभर चिखल खाल्ला त्यानं, जाताना तरी तोंडात सोनं घालू. होत्या नव्हत्या तेवढ्या कोंबड्या इकल्या. आमी दोघी चालत गेलू पनवेलला. दुकानात बाय बसली व्हती, तोंडानं लय फटकळ. सासूनं इचारलं, खरा हाय ना गं माये? तं ती बोल्ली, 'मेलेल्याला फसवून मी नरकात जाऊ का?'" चांगुणा थांबली. "सासूला लय बरं वाटलं त्या बोलन्यानं. शेवटपत्तूर सांगायची."

त्या दोघी दुकानात आल्याचं मला आठवत नाही. तसलं वाक्य मी किती जणांना टाकलं असेल. गिऱ्हाइकानं शंका काढली की तोंडावर फेकायचं, काम व्हायचं.

"तुमी पनवेलच्याच ना?" तिनं विचारलं. "वळखता का त्या बायला?"

वन्सं काठावर उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "पनवेल मोठं झालंय आता."

सामान आवरलं. निघताना तो राईएवढा कण पुडीत बांधून तिच्या घमेल्याखाली सरकवला. म्हटलं, एवढं तरी. आम्ही फाट्याच्या वाटेला लागलो तर मागून चांगुणा धावत आली, धापा टाकत.

"आजी, तुमचं सोनं इसरलं!"

"असू दे तुला."

"छ्या. तुमाला गावलं ते तुमचं." माझ्या मुठीत कोंबलं आणि गेली.

एसटीत वन्सं खिडकीशी बसल्या. पळस्पे आलं. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, दादा गेला तेव्हा तोंडात कुठला घातला होतात?"

"खरा," मी म्हटलं.

"हं," त्या म्हणाल्या. तो खरा होता, शपथेवर सांगते. पण त्यांना पटलं की नाही ते मला कळलं नाही, आणि पटवायला माझ्याकडे काही उरलंही नव्हतं.

घरी आल्यावर मुलाला विचारलं, "ते मणी अजून विकतोस?"

"हो. का?"

"तांब्याचे?"

"आई, तूच तर शिकवलंस." त्यानं मानही वर केली नाही, पट्टी ठोकत होता. मला त्याच्या मुस्कटात द्यावीशी वाटली, पण मुस्कट कुणाचं हे कळत होतं.

चांगुणेकडे मी अजून गेलेले नाही. गुडघे चांगले आहेत, एसटी रोज सुटते. तोंड नाही जायला.

मध्यंतरी तुमच्यातलीच एक जण दुकानात आली. नाव लिहीत नाही. सासूची घटका भरत आली होती, मणी हवा होता. मुलानं खणाकडे हात नेला. मी तो खण गुडघ्यानं बंद केला आणि तिला तासाभरानं ये म्हटलं. माझ्या लग्नातली कुडी पेटीत होती, तिचं सोनं तोडलं, चुलीपुढे बसून मणी फिरवला. गोल नीट झाला नाही. ती आली, तिनं पाहिलासुद्धा नाही, पदराच्या गाठीला बांधला. म्हणाली, "काकू, तुमच्या दुकानचा म्हणजे बघायलाच नको."

मी तिच्या तोंडाकडे बघू शकले नाही. वजनकाट्याची धूळ पुसत राहिले.

तर त्या बाईनं काळजी करू नये, तिच्या सासूच्या तोंडात सोनंच होतं. त्याआधी दहा-बारा वर्षांत ज्यांनी ज्यांनी आमच्याकडून मणी नेला, त्या सगळ्यांना तांबं दिलं मी, आणि वर शपथही घेतली. आपट्याला जायचं असेल तर वाट वर सांगितली आहे. वळणावर वाळू धुऊ नका, दगडामागची जागा चांगुणेची आहे. आणि मला काय बोलायचं असेल ते दुकानावर येऊन बोला. मुलाला मधे घालू नका. मी गादीवरच बसलेली असते.