गोष्टीतून गाळलेले शेक

देवाने मला वाचवले, याबद्दल मला कधी शंका आली नाही. वाचवून त्याला पस्तावा तर होत नसेल ना, ही शंका मात्र एका रविवारी आली आणि अजून पुरती गेलेली नाही.

मी तासगावचा. लग्न असो की वाढदिवस, माईकवर बोलायला मला बोलावतात. वर्षानुवर्षे गालात तंबाखूची गोळी ठेवली आणि शेवटी त्याच गालात कॅन्सर निघाला. मिरजेला ऑपरेशन झाले, पुढे साडेसहा आठवडे किरणांचे शेक. बायको रोज एस.टी.ने पातळ पेजेचा डबा घेऊन माझ्यासोबत यायची आणि निघताना कपाळाला म्हसवडच्या सिद्धनाथाचा अंगारा लावायची. मी बरा झालो. नवस फेडायला म्हसवडला गेलो, तर आरतीनंतर कुणीतरी म्हणाले, "पाव्हणं, दोन शब्द बोला." मला दोन शब्द बोला म्हणणे म्हणजे बैलाला पेंडीच्या पोत्याशेजारी बांधणे!

पहिल्यांदा मी सगळे सांगितले. पण लोक डॉक्टरांच्या भागात चुळबूळ करायचे आणि अंगाऱ्याच्या भागात डोळे पुसायचे. माईकवाल्याला एवढे पुरते. दुसऱ्या खेपेला गोष्टीतले डॉक्टर दाराशीच थांबले. तिसऱ्या खेपेला त्यांनी हात टेकले. शेक तर केव्हाच गळाले होते, आणि तंबाखूचे नावही कुणाच्या कानी पडले नव्हते. शेकाने काळवंडलेली मान उपरण्याखाली झाकून मी हुंदका बरोबर जागेवर द्यायला शिकलो. रविवार आला की मीच म्हसवडला जायला निघू लागलो.

अशाच एका रविवारी बोलून जीपकडे निघालो, तर पांढऱ्या मिशांचा एक रिटायर फौजी आडवा आला आणि माझ्या पाया पडला. "आवं, तुमच्या तोंडनं देवच बोलला. मालकिणीला मिरजंत शेक चालू हुतं. लय हाल. गेल्या रविवारी तुमचं ऐकलं आन् तवापासनं शेक बंद. नुसता अंगारा."

त्याने माझ्या हातात नारळ दिला. मी तो घेतला. "नाथ बघतोय," असे म्हणून जीपमध्ये बसलो. आयुष्यात एवढी बडबड केली, पण बोलायला पाहिजे होते तेव्हा एवढेच सुचले. त्याचे नाव विचारले नाही, गावही नाही.

घरी बायकोला सांगितले. ती रडली नाही की ओरडली नाही. "शेक गाळलंसा, डॉक्टर गाळलंसा," ती म्हणाली. "माझा डबाबी गाळलासा. आता त्या बाईलाबी गाळनार हाय का?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने म्हसवड गाठले. गुरवांना विचारले, तर ते म्हणाले, "फौजी? हितं घरटी एक फौजी हाय." मी गाभाऱ्यासमोर बसलो. नाथाकडे बघायचे धाडस होईना, म्हणून फरशीकडे बघत म्हणालो, मला शोधता येणार नाही, तूच दाखव. तासभर गेला असेल. एक बाई अंगारा घ्यायला वाकली, तोंडावरचा पदर घसरला आणि मानेवर काळवंडलेल्या कातडीची चौकट दिसली. आरशात मी रोज तीच बघतो.

मी उपरणे काढून तिच्यासमोर उभा राहिलो. गुरव होते, चार बायका होत्या. सगळ्यांदेखत तंबाखूपासून शेवटच्या शेकापर्यंत सगळे सांगितले. जीभ अडखळत होती. हुंदक्याची जागा काही सापडली नाही.

तिने माझी मान नीट पाहिली. "मग त्ये माईकवर का न्हाई बोललासा?"

मी मान खाली घातली.

"मला भ्या वाटत हुतं शेकाचं, म्हनून तुमची गोष्ट ग्वाड लागली. आता आमच्या मालकास्नी तुमीच सांगायचं. चला म्हागनं."

वाटेत कळले, ती रोज संध्याकाळी देवळात येते. त्या दिवशी शेतातल्या मोटारीची लाईट संध्याकाळी येणार होती, कांद्याला पाणी द्यायचे होते, म्हणून सकाळीच आली. चालता चालताच मी देवळाच्या दिशेने हात जोडले.

सगळे ऐकून फौजी माझ्यावर हात उगारून थांबला. तो हात बसला असता तर बरे वाटले असते. त्याच दिवशी तिघे मिरजेला गेलो. डॉक्टर म्हणाले, असा खंड पडायला नको होता. काय भरून निघते ते बघू. ती आत गेली. जाड दार बंद झाले. फौजी म्हणाला, "आत काय करत्यात, नीट सांगा. न सजवता." मी सांगितले. एवढ्या हळू मी कधी बोललो नव्हतो.

तिचे शेक पुरे झाले. तपासण्या चालू आहेत. मध्ये गेलेल्या आठ दिवसांचे पुढे काय होईल, हे मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. देवाच्या पायी शरण गेलो, असे मी माईकवर शंभरदा म्हटले असेन. तेव्हा खरे तर देवच माझ्या गोष्टीत मला पाहिजे तिथे उभा राहत होता. आता ती गोष्टच त्याच्याकडे सोपवली आहे. कुणी विचारले तर आधी दवाखान्याचा रस्ता सांगतो, मग मान दाखवतो, मग अंगारा देतो. टाळ्या पडत नाहीत. त्या सकाळी नाथाने ती बाई माझ्यासमोर आणून उभी केली, यासाठी मी रोज हात जोडतो, आणि जोडताना मान अजून खालीच असते.